फळीवर दिसलेलं

"तो रोज येतो, चाचा. हौदाच्या काठावर उभा राहतो, गळ्याला हात लावतो आणि काहीतरी बोलू बघतो. आवाजच फुटत नाही त्याचा."

सुलतान इद्रीस बोलत होता तो आपल्या मेलेल्या थोरल्या भावाबद्दल, दाऊदबद्दल. दाऊदच्या जागी तख्तावर बसून त्याला महिनाही झाला नव्हता. मिसरूड कोवळं, डोळे जागरणाने तांबारलेले. समोर उभा होता सबीहचाचा, कैरोच्या किल्ल्यात मयतांना आंघोळ घालणारा. दाऊदला शेवटचं पाणी त्यानेच घातलं होतं.

"मनाचे खेळ आहेत, हुजूर," अमीर बैतमुर मागून म्हणाला. दाऊद तापाने गेला असं सगळ्यांना सांगणारा तोच, आणि इद्रीसला तख्तावर बसवणाराही तोच. "विचारून टाका याला एकदाचं. खाली घोडा ताटकळलाय, जुम्म्याच्या नमाजाची वेळ होतेय."

इद्रीस पुढे झाला. "माझा भाऊ तापानेच गेला ना, चाचा?"

सबीह गप्प.

आता हा सबीह म्हणजे सबंध शहरातला अट्टल बोलघेवडा. एखाद्या मयताचा चेहरा उजळ दिसला, की संध्याकाळपर्यंत बाजारभर झालंच! भटारखान्यातली म्हातारी कशी हसत गेली, हे तर त्याने लोकांना वीट येईस्तोवर सांगितलं. पण त्याच्या कामाचा एक नेम आहे, तो आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो. आंघोळीच्या फळीवर चांगलं दिसलं तर सांगावं. वाईट दिसलं तर झाकावं, स्वतःच्या कबरीपर्यंत.

"अरे बोल की! तोंडात काय खजूर कोंबलाय?" अमीर खेकसला. "ताप होता म्हण आणि चालता हो."

एका शब्दाचं काम होतं. जीवही वाचला असता. सबीहचे ओठ हलले. पण मेलेल्या माणसाबद्दल खोटं त्याच्याने बोलवेना.

"त्याचा चेहरा तरी उजळ होता का रे, चाचा?" हे सुलतान विचारत नव्हता, धाकटा भाऊ विचारत होता.

सबीहने मान खाली घातली.

इद्रीसला कळलं. त्याने खांबाला हात टेकला. त्याला कळलंय हे अमीरलाही कळलं. तो पुढे आला आणि सुलतानाच्या झग्याची गळ्यापाशी सुटलेली नाडी स्वतःच्या हाताने बांधू लागला.

"चला हुजूर. लोक वाट बघताहेत."

इद्रीसने त्याला ती बांधू दिली. दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

"चाचा, माझ्या वेळी पाणी जरा कोमट घे. मला गारठा सोसत नाही."