ओट्यामागची टाइल

नव्या ओट्यामागे एकच टाइल तिरकी बसली होती आणि चहा ठेवताना बाईंची नजर नेमकी तिथेच जायची. शेवटी त्यांनी गवंड्याला बोलावून फैलावर घेतलं. "डोळे मिटून लावलीत का हो? आत्ताच्या आत्ता काढा ती!"

"अगं, एवढं काय त्यात!" बाहेरून नवरा म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका."

छिन्नी टेकवत गवंडी हळूच म्हणाला, "काढतो ताई, पण ही माझी नव्हे. मी जेवायला गेलो तेव्हा साहेबांनी हौसेनं लावली. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

बाहेर वर्तमानपत्र डोळ्यांच्याही वर गेलं.



"छिन्नी ठेवा खाली," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत यांनी स्वयंपाकघरात केलेलं पहिलंच काम आहे."