कंदिलाचा दोर

नाथाजीने काडी ओढली. काडेपेटी घामाने ओलसर झाली होती. तेवढ्यावर तिघे वाचले.

"थांबा! पेटवू नका!" मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातली रसायनतज्ज्ञ उमा धावत आली आणि तिने काडेपेटी हिसकावली.

"आवं ताई, आडात उतरायच्या आदी पेटता कंदील सोडत्यात. इझला तर हवा वाईट." पलूसकडच्या विहिरींचा गाळ काढणारा नाथाजी समजुतीने म्हणाला. "माझा बा बी असंच करायचा."

"हा आड नाही. आत पेटणारा वायू आहे. कंदील विझला का, ते बघायला कुणी उरणार नाही."

मैल्यातून निघून आकाश तापवणारा वायू घुमटाखाली कोंडायचा आणि त्यावर शहराचे पंप चालवायचे, अशी ती योजना. वातावरणात न गेलेल्या कार्बनचा आकडा प्रवेशद्वारावरच्या फलकावर किलोपर्यंत अचूक दिला होता. घुमटालगतच्या खड्ड्यात किती वायू झिरपला, हे मोजण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्याच खड्ड्याच्या तळाशी झडप अडकली होती, आणि उद्या उद्घाटन होते.

"सर, वायुमापक?" उमाने विचारले.

"प्रदर्शनाच्या कपाटात," नाकावरचा रुमाल न काढता अभियंता पृथ्वीराज म्हणाला. "किल्ली मोठ्या साहेबांकडे. ते पाहुण्यांना आणायला खंडाळ्याला गेलेत."

"मग ते येईपर्यंत थांबू."

"पाहुण्यांना उघडा खड्डा दाखवायचा? नाथाजी, पाच मिनिटांचं काम आहे."

नाथाजी काठावर वाकला. "मगाशी लय घाण वास मारत हुता. आता तर कायबी येईना. हवा सुदारली जनू."

वास गेला नव्हता. विषारी वायूने त्याचे नाक मारले होते. उमाने तसे सांगितलेही. पृथ्वीराज फाटकावर चढणाऱ्या कमानीकडे पाहत राहिला.

"सायब," नाथाजीने हळूच विचारले, "कंदील न्हाई, तर म्होरं काय सोडू?"

पृथ्वीराजने घड्याळ पाहिले.

नाथाजीने कंदिलाच्या कडीची गाठ सोडली आणि तोच दोर आपल्या कमरेला बांधला. उमाच्या एका मुठीत काडेपेटी अजून घट्ट होती. दोराचे दुसरे टोक त्याने तिच्या मोकळ्या हातात दिले.

"मी खालनं बोलत ऱ्हाईन, ताई. गप झालो, की वडा."