वरच्या घराचा धूर

"आता बघा, धूर येईल," वाटाड्या म्हणाला, आणि खाली गावात एकेका छपरावर धूर दिसायला लागला.

खिंडीत उभ्या असलेल्या पाहुण्यांनी पटापट कॅमेरे काढले. ऊन नुकतंच समोरच्या कड्याला लागलं होतं. खाली दगडी घरं, शेवाळलेली छपरं आणि प्रत्येक छपरावर धुराची रेघ. यासाठीच तर माणसं शहरातून एवढी तंगडतोड करत येतात. कुणीतरी म्हणालं, "काय शांत आयुष्य आहे हो या लोकांचं." शांत असणारच. निम्म्या घरांना कुलपं होती.

उरलेल्या घरांत गॅस होता. गॅसचा धूर होत नाही, आणि धुराशिवाय डोंगरातलं गाव फोटोत नुसतं पडकं दिसतं. म्हणून वाटाड्यानं ही शक्कल लढवली होती. त्याचा मेहुणा अंधारात उठायचा, घरांच्या मागच्या अंगाला ओला पाला पेटवत फिरायचा आणि पाहुणे खाली उतरेपर्यंत त्यावर पाला घालत राहायचा. खिंडीतून बघणाऱ्याला वाटावं, आत चुली पेटल्यात. मेहुणा मोठा हौशी गडी. कुठल्या घराला केवढा धूर शोभतो, यावरसुद्धा त्याची मतं होती.

फक्त एका घराला हात लावायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. गावाच्या वरच्या टोकाला, वाटेपासून जरा बाजूला असलेलं वाटाड्याच्या आईचं घर. तिथली चूल खरी होती.

आई खाली लेकाकडे राहायला तयार नव्हती. फोन दिला, तर तिनं तो फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवून दिला. "मला नाही जमत ते कानाला लावून ओरडायला," म्हणाली. "सकाळी माझ्या छपराकडे बघत जा. धूर दिसला तर समज, आहे. नाही दिसला तर वर ये." गावाची ही जुनीच रीत. उठल्यावर माणूस आधी शेजाऱ्याच्या छपराकडे बघायचा, आणि धूर नसेल तर तोंडही न धुता तिकडे पळायचा.

पुढे पुढे ही रीत वाटाड्याच्या चांगलीच सोयीची झाली. हंगामात त्याला श्वास घ्यायची फुरसत नसायची. पाहुण्यांना पाणी तापवून द्या, त्यांच्या पिशव्या वाहा, कुणाचा पाय मुरगळला तर त्यालाही वाहा. आईचं घर काही लांब नव्हतं, पण चढावर होतं. धूर दिसतोय ना, मग झालं. बघितलं काय नि भेटलं काय, एकच, असं त्यानं स्वतःला पटवून दिलं होतं.

मागच्या वेळी वर गेला, तेव्हा भांडणच झालं. जरा लवकर चूल पेटवत जा, पाहुणे खिंडीत असतात तेव्हा, एवढंच तो म्हणाला होता. आई भडकली. "मी माझ्या चहासाठी चूल पेटवते, तुझ्या पाहुण्यांसाठी नाही. फार बोललास तर पेटवणारच नाही बघ." सोबत आलेला मेहुणा दारात उभा राहून फिदीफिदी हसत होता. वाटाड्या तणतणत खाली आला, तो परत वर गेलाच नाही.

"आणि ते सगळ्यात वरचं घर कुणाचं?" एका बाईंनी विचारलं. त्यांचा कॅमेरा सगळ्यांत मोठा होता.

"माझ्या आईचं," वाटाड्या म्हणाला, आणि त्याला उगाचच भरून आलं. वरच्या घराचा धूर आज सगळ्यांत दाट होता. कालही तसाच होता. राग गेला वाटतं म्हातारीचा. बोलली काहीही, तरी शेवटी लेकाचं ऐकलं तिनं. "आमच्यात फोनबिन काही नाही बाई. धूर दिसला की आई बरी आहे."

बाईंचे डोळे पाणावले. "मला भेटायचंय त्यांना. खरी चूल बघायचीय."

आज मग नेहमीची वाट सोडून तो बाईंना घेऊन सरळ वरच्या घराकडे उतरला. बाकीच्यांना चहा प्यायला खाली धाडलं. आईला आवडेल, असं त्याला वाटत होतं. कुणीतरी तिचं घर बघायला आलंय म्हटल्यावर ती आधी दोन शिव्या घालेल, मग बसायला पाट देईल.

"आई, पाहुणे आलेत गं," त्यानं बाहेरूनच हाक दिली आणि दार ढकललं. दार थोडंसं उघडलं आणि अडलं. त्यानं खांदा लावला.

आई दारालगतच पडली होती. एक पाय विचित्र दुमडलेला, हातात काठी घट्ट धरलेली, तोंड दाराकडे. चुलीपासून दारापर्यंत जमिनीवर ती फरफटत आल्याची खूण होती. पाण्याचा हंडा फळीवर होता, तिच्या हाताला न पोचणारा. वाटाड्यानं तिच्या गालाला हात लावला आणि तसाच खाली बसला. गाल गार होता. चूलही गार होती. राखेत मांजराची पावलं उमटली होती.

त्याला काही कळेना. धूर तर होता. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. आत्ताही मागच्या भिंतीच्या फटीतून तो घरात येत होता आणि डोळ्यांना झोंबत होता.

भिंतीपलीकडून मेहुण्याचा खोकला ऐकू आला. मग खुशीतला आवाज.

"दाजी, तुम्ही होय? झकास दिसतोय ना खिंडीतून? म्हातारी खरंच रुसली हो. परवापासून चूलच पेटवली नाही तिनं. काल तर आतून दारावर काठी आपटत होती. म्हटलं, आपटू दे. धूर काय, मी करतो."