माळ्याचं झाकण

रूडीने शिडीवर उभं राहून काडी पेटवली आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेकडेने फिरवली. ज्योत सरळ उभी राहिली. गेल्या आठवड्यात इथेच ती फटीकडे अशी ओढली गेली होती की विझलीच.

"बघ पोरी," तो सुनेला म्हणाला, "आता तुमची ऊब छपरातून पळत नाही."

मेरनने मान हलवली. काम चोख होतं. काल संध्याकाळीच त्याने झाकण बसवलं होतं. पाठीवर फोमचे जाड थर, चौकटीला रबरी पट्टी, झाकण घट्ट ओढून धरणाऱ्या कड्या. खिडक्यांच्या आणि भिंतींच्या भेगा त्याने आधीच बुजवल्या होत्या. बाहेर उत्तर अमेरिकेतल्या डुलुथचा जानेवारी होता, गोठलेल्या सरोवरावरून वारा सुटला होता, आणि घरात तो कुठूनच शिरत नव्हता.

तेच तिला खुपत होतं. सकाळपासून तिचं डोकं जड होतं. आणि तान्ही टेस, जी जन्मल्यापासून कधी सलग झोपली नव्हती, ती अजून उठली नव्हती.

"बाबा, ही इतकी कशी झोपते?"

"ऊब लागली की पोरं झोपतातच. डेल, तुझी बायको पोर रडलं तरी घाबरते, झोपलं तरी घाबरते!"

"सकाळी गॅसचा अलार्मही दाबून बघितलाय तिने," डेल स्वयंपाकघरातून ओरडला. तो मासे तळत होता. शेगडीवरचा पंखा घरघरत होता. "कानठळ्या बसल्या माझ्या."

भोंगा वाजतो एवढंच त्यावरून कळलं होतं; हवेतला विषारी वायू त्याला अजून ओळखता येतो का, ते नाही. अलार्म आधीच्या मालकाच्या काळातला होता.

मेरनने शिडीवरची काडेपेटी उचलली आणि ती तळघरात उतरली.

ड्रायरमध्ये टेसचे कपडे फिरत होते. शेजारी पाणी तापवायचा गॅसचा बंब पेटलेला होता. त्याचं डोकं आणि धुराड्याचा पाइप यांच्यात बोटभर फट असते. तिथून हवा आत ओढली जाते आणि धुराबरोबर वर जाते. मेरनने फटीजवळ काडी धरली.

ज्योत आत गेली नाही. तिच्याकडे वाकली. मनगटाला ओलसर, गरम वाफ लागली.

"बाबा, खाली या."

"आणखी एक भोक सापडलं वाटतं," म्हणत रूडी हसत उतरला. त्याने पाहिलं.

"काडी सादळली असेल," तो म्हणाला, आणि त्याने दुसरी पेटवली. तीही वाकली, त्याच्याकडे.

वर पंखा घरघरत होता, इथे ड्रायर. दोघं मिळून घरातली हवा बाहेर फेकत होते, आणि बाहेरून आत यायला एकच वाट उरली होती. धुराड्यातून, उलटी. आणि त्या हवेबरोबर बंबाचा विषारी वायू, ज्याला वासही नसतो, घरात परतत होता.

रूडीने बंबाची कळ फिरवली तोवर मेरन जिना चढून गेली होती. तिने टेसला पाळण्यातून उचललं. पोरीची मान तिच्या खांद्यावर लोळली.

"डेल, सगळं बंद कर! फोन लाव, ॲम्ब्युलन्स बोलाव!"

"अगं, झालं काय?"

तिने पुढचं दार सताड उघडलं आणि ती तशीच अनवाणी बर्फात उभी राहिली. थंडी तोंडावर आपटली. "टेस. टेस, बाळा."

काही नाही.

मग पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने श्वास ओढला आणि टाहो फोडला.

डेल फोन कानाला लावून बाहेर आला. दुसरा कान त्याने बोटाने बंद केला होता. "मेरन, जरा गप्प कर ना तिला, फोनवरची बाई काय विचारतेय ते ऐकू येत नाहीये."

रूडी त्याच्यामागे दारात उभा होता. काडेपेटी अजून त्याच्या हातात होती.

"नको," तो म्हणाला. "रडू दे. रडू दे तिला."