ट्रकखाली आलास तर

"ही भाषा कंपनीत एकट्या तुलाच येते. उद्या तू ट्रकखाली आलास तर आम्ही काय करायचं?" दर बैठकीत हेच विचारून साहेबांनी त्याची कुणी न ऐकलेली प्रोग्रामिंग भाषा नाकारली होती. मग त्याने जीव ओतून चौघांना शिकवलं. शेवटी साहेबांनी परीक्षा ठेवली: आठवडाभर काम चौघांनी चालवायचं, त्याने मेल्यासारखं घरी बसायचं, फोनसुद्धा घ्यायचा नाही. पुढच्या सोमवारी तो केक घेऊन ऑफिसला आला. दारावर कार्ड टेकवलं, दिवा लालच राहिला. पुन्हा टेकवलं, पुसून टेकवलं. काचेपलीकडे त्याची लाडकी विद्यार्थिनी त्याला बघूनही न बघितल्यासारखं करत लिफ्टमध्ये शिरली. मग साहेब हसत बाहेर आले. "अभिनंदन! तुझी भाषा मंजूर झाली." "आणि माझं कार्ड?" साहेबांनी केकचा बॉक्स अलगद काढून घेतला. "अरे, आठवडाभर तुझ्यावाचून कुणाचंच काही अडलं नाही."