तीनदा खट्

"मुनिअम्मा! अगं, कुठे मेलीस?" मेरेओनी सिस्टर इस्पितळाच्या जिन्यातून ओरडली. वादळ छपराचे पत्रे उचकटत होतं. मुनिअम्मा पलीकडच्या इमारतीत मुलांच्या वॉर्डाचं दार धरून उभी होती, हे नंतर कळलं.

खिडकीतून समुद्र दिसत होता. बांध ओलांडून तो थेट मागच्या जनरेटरच्या खोलीकडे निघाला होता. तिथे मेरेओनीचा भाऊ आपिसाई जनरेटर सांभाळत होता. हुकूम आल्याशिवाय जनरेटर सोडायचा नाही, हा नियम. आणि आणीबाणीत हुकूम द्यायचा मेरेओनीनं; प्रमुखाचं नारिंगी जाकीट तिच्याच अंगात होतं. हातात वॉकीटॉकी होता. 'सोड ते, वर ये', एवढंच म्हणायचं होतं.

पण फिजीतल्या त्यांच्या बेटावर वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. आदर म्हणून. तीस वर्षं दोघं तशीच वागली होती. वादळाच्या सरावात दोघांमधले निरोप मुनिअम्मा द्यायची, वॉकीटॉकीही तीच हाताळायची. राजधानीहून, सुव्याहून, तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं होतं, "मध्ये ही बाई कशाला?" मेरेओनी ऐटीत म्हणाली होती, "वीस सेकंदांत निरोप जातो, साहेब. आमचं काही अडत नाही." साहेबानं सही केली होती.

वॉकीटॉकी वाजला. खट्. खट्. खट्. पलीकडून कुणी बोललं नाही. वाऱ्यानं होत असेल, असं म्हणून ती पुन्हा मुनिअम्माला शोधत धावली.

परत आली, तेव्हा त्या खोलीचं छप्पर तेवढं पाण्यावर होतं. मग तिनं बटण दाबलं आणि भावाच्या नावानं हंबरडा फोडला.

वर्षभर ती एकच घोकत राहिली, मी बोलले असते तर! "तुझा काय गं दोष?" असं कुणी म्हटलं, की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदाच्या सरावात तिनं मधला माणूसच काढून टाकला. खाली जनरेटरपाशी इसिरेली होता, नवा मिस्त्री, पन्नाशीचा. मेरेओनी वॉकीटॉकी धरून थांबली.

खट्. खट्. खट्.

"इसिरेली, अरे, काय बिघडलंय या यंत्रात?"

मग ओशाळलेला आवाज आला, "यंत्र ठीक आहे, सिस्टर. मी नवा, तुमच्याशी थेट बोलायचा धीर होईना. नुसतं बटण दाबत होतो नि सोडत होतो."