उजेडातली गोळी

इकोच्या पडद्यावर जडावबाईंचं हृदय धडधडत होतं. डॉक्टर चेतनांनी प्रोब जरा तिरका धरला आणि सुनेला जवळ बोलावलं. "हा उजवा कप्पा बघा, रक्षाताई. फुप्फुसांतल्या दाबाने अजून फुगलेलाच आहे, डाव्याला चेपतोय. औषध लागू पडलेलं दिसत नाही. सुरतच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल." रक्षाने पदर डोळ्यांना लावला. रोज रात्री तिसरी, शेवटची गोळी ती स्वतः सासूबाईंच्या हातावर ठेवत होती. कुशीवर पडलेल्या जडावबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि पलंगावर रिकामा केला. रात्रीच्या सगळ्या गोळ्या त्यात होत्या. "सूर्य मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही, डॉक्टर. जन्माचा नेम आहे. ही म्हणते, दवेला सूट असते. मला हिचं मन मोडवेना आणि नेमही मोडवेना." चेतनांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कप्पा तोच, तसाच फुगलेला; पण आता त्यांना हसू आलं, आणि घरच्या बोलीत त्या म्हणाल्या, "मंग दवाईना काय दोष, माजी? ती पोटमा पुरी गयीच नही." सुरतला जाणं तूर्त टळलं. तिन्ही गोळ्या दिवसाच्या उजेडात बसवून त्यांनी पुढच्या इकोची तारीख दिली. घरी तळोद्याला परतताना तापीच्या पुलावर ऊन तांबडं झालं, तशी रक्षाने गाडी थांबवायला लावली. गाळलेल्या पाण्याची बाटली उघडून गोळी सासूबाईंच्या हातावर ठेवली, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्यावरून नजर हलवली नाही.